वाऱ्याला सांगू नये

"दिवा लावला गं बाई, झाकीते पदरानं
नगं सांगू गं कुणाला, वारा ऐकतो कानानं"

हा आवाज गंगव्वाचा. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत, चाळण्यांच्या खसखशीवरून तरंगत आलेला. थोडा बसका, थोडा तपकिरीच्या वासाचा. अंबूबाई तेव्हा नवी सून होती, पोटात आसावरी होती, आणि सासू तिच्या कानाशी लागून गात होती. मोठ्यानं नाही, दोघींपुरतं. गंगव्वा जाऊन कितीतरी दिवाळ्या झाल्या. नवऱ्याच्या नोकरीमागं अंबूबाई बेंगळूरला आली, इथं लेकरं वाढली, जिभेवर कानडी चढली. पण आवाज कुठं गाव सोडतो! फोडणीत मोहरी तडतडली की अजून तो येतो.

त्या रविवारी सकाळी मोहरी तडतडली तेव्हाही तो आला. अंबूबाईनं आच बारीक केली आणि हॉलकडं मान वळवून दबक्या आवाजात म्हणाली, "मल्हार, पडदा ओढ की रे. समोरच्या गॅलरीत ती बाई कपडे वाळत घालालीया."

"आई, तिला काय पडलंय आपलं? मास्क लावून ती आपल्या नवऱ्यालासुद्धा ओळखत नसेल."

"बाई न्हाई बघत, वारा बघतोय. ओढ म्हटलं की ओढावं."

मल्हारनं कानावरचा हेडफोन मानेवर उतरवला आणि पडदा ओढला. गेल्या वर्षीपासून त्याचं ऑफिस त्या हॉलच्या कोपऱ्यातच होतं: एक टेबल, एक लॅपटॉप, आणि पाठीमागचं कपाट मीटिंगमध्ये लोकांना दिसू नये म्हणून त्यावर टाकलेली चादर.

आज सुनेची, अश्लेषाची चोरओटी होती. नावाप्रमाणं चोरूनच भरायची. पोटुशी बाईची पहिली ओटी, ना वाजंत्री ना बोलावणं, घरच्या चार बायकांत. खरं तर ती तिसऱ्यात भरतात. पण अंबूबाईनं तिसरा जाऊ दिला, चौथाही जाऊ दिला. गेल्या गौरीच्या सुमाराला जे झालं त्यानंतर तिसरा महिना म्हणायलासुद्धा तिची जीभ वळत नव्हती.

तेव्हा अश्लेषानं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्या दिवशीच कारखान्यात पेढे वाटले होते. पोरीचा आनंद पोटात मावेना. आणि पेढ्यांच्या खोक्याला मुंग्या लागायच्या आत पोट रिकामं झालं. दवाखान्यातून ती घरी आली, भिंतीला धरून चपला काढत होती, आणि अंबूबाई दारातच बोलून गेली, "सांगत सुटू नये म्हणतात ते उगीच न्हवं."

एवढंच वाक्य. परत कुणी काढलं नाही. पण तांदळातल्या खड्यासारखं ते घरात राहिलं होतं. कधी कुणाच्या दाताखाली येईल नेम नव्हता.

म्हणून या खेपेला सगळं झाकलेलं. शेजारी नाही, पाहुण्यांत नाही, आणि कारखान्यात तर नाहीच. बोम्मसंद्रातल्या त्या कारखान्यात सलाईनच्या नि ऑक्सिजनच्या नळ्या बनत. बाकी गाव कुलपात होतं, पण नळ्यांना कुलूप कसं घालणार? दवाखान्यांतून मागणीवर मागणी. अश्लेषा तिथं पॅकिंगच्या बायकांवर लाईन लीडर होती. रोज सकाळी कंपनीची बस उड्डाणपुलाखाली थांबे, ती एकाआड एक सीट सोडून बसे, आणि आत गेल्यावर ढगळ पांढरा कोट, टोपी, मास्क. नुसते डोळे उघडे. डोळे काही पोटाचं सांगत नाहीत, असं अंबूबाईला वाटे आणि बरं वाटे.

"पाच सुवासिनी लागतात गं आई," फोनमधून आसावरी म्हणाली. ती पुण्याला दिलेली; लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये तिचा चेहरा सारखा कलत होता. "आणि तू एकटीच आहेस. मी फोनवरून भरू का ओटी? हे बघ, कुंकू लावलं. स्क्रीनला."

"पूस ते, फोन बिघडेल तुझा! पुण्याला जाऊन शहाणी झालीस काय भारी. एक मी, एक तू, आणि तीन माझ्या सासूच्या. ती एकटी तिघींएवढी हुती."

पाटावर बसलेली अश्लेषा हसली. ती हसली की हल्ली डोळ्यांखालची काळी वर्तुळं जास्त दिसत. अंबूबाईनं तिच्या पदरात हिरवा खण ठेवला, नारळ ठेवला, तांदळाची ओंजळ सोडली. मनातल्या मनात म्हणाली, टिकू दे, गंगव्वा. झाकलंय गं नीट.

"आत्या, सुशीलाचा वास येतोय," अश्लेषा हळूच म्हणाली. खानापूरकडची पोर, सासूला आत्याच म्हणे. चुरमुरे भिजवून फोडणीला टाकलेला सुशीला म्हणजे सध्या तिचा जीव की प्राण.

"येऊदे की. तुझ्यासाठीच केलाय. आधी नारळ तर संबाळ."

तेवढ्यात अश्लेषाचा फोन वाजला. नाव बघून ती पाटावरच ताठ झाली. "नागराज सर."

नागराज शिफ्ट इनचार्ज. त्याचा आवाज फोनमधून स्वयंपाकघरापर्यंत पोचत होता, अर्धं कानडी, अर्धं हिंदी. देवाप्पाला कोरोना झालाय. आतल्या खोलीत माणूस नाही. उद्यापासून तू तिकडं बघ, लाईन मी दुसऱ्या कुणाला देतो. माल अडकलाय, वरून फोनवर फोन येतायत. स्वल्प दिवसांचंच काम आहे, अम्मा. जमेल ना?

पदरातला नारळ अश्लेषानं एका हातानं घट्ट धरला. मग म्हणाली, "सरी, सर."

फोन ठेवला आणि ती नारळाच्या शेंडीकडं बघत बसली. अंबूबाईला त्या 'सरी'मधलं काहीतरी टोचलं. होकार होता तो, पण विहिरीत पडलेल्या घागरीसारखा वाजला.

"कसली आतली खोली?" मल्हारनं विचारलं.

"काही नाही. गॅसची. नळ्यांचे खोके भरले की त्या खोलीत गॅस सोडतात, जंतू मरायला. मग खोके बाहेर काढायचे."

"आणि तू सरी म्हणालीस?"

"मग काय म्हणू? का नाही म्हणून विचारलं असतं तर?"

"सोड ती नोकरी! मी आत्ता सांगतो, राजीनामा टाक. माझा पगार पुरतो आपल्याला. लस पण देत नाहीयेत प्रेग्नंट बायकांना, आणि तू रोज चाळीस बायकांत जाऊन बसतेस."

"तुझं काम घरात आलं मल्हार, म्हणून तू घरात," अश्लेषा आवाज न चढवता म्हणाली. "माझं काम घरात मावत नाही. नळी काय लॅपटॉपवर पॅक होते? पॅकर म्हणून लागले मी तिथं. जूनमध्ये कायम करणार आहेत. आत्ता सोडलं तर परत पहिल्या पायरीवर. परत दुसऱ्याच्या हाताखाली."

झोपायच्या खोलीतून सासरे, बसवंत, बाहेर आले. जन्मभर लेथवर उभा राहिलेला माणूस. अजूनही बसल्या जागी पाय फाकवून, घोटे घट्ट रोवूनच बसत. चष्मा पुसत म्हणाले, "पोरगी बरोबर बोलालीया. एवढा महिना काढायचा. कायम झाली की मग सांगायचं, कोण हात लावतोय बघू. आधी सांगितलं की कसं करतात ठावं हाय मला. काढत न्हाईत, नुसतं म्हणतात, घरी इश्रांती घे, आम्ही बोलावतो. आणि बोलावतच न्हाईत."

"अप्पा, तुम्ही पण?" मल्हार चिडला. "म्हणजे तुम्ही दोघं एका बाजूला."

"अरे मी हिच्या बाजूला हाय."

"बाजू कसली घेताय, ओटी अर्धी राहिलीया," अंबूबाई मधे पडली. पण तिचं मनही धन्याकडंच झुकलं होतं. महिनाभर झाकायचं ना? झाकू. झाकण्यात ती तरबेज होती.

लोणच्याच्या बरणीवरून आसावरी ओरडली, "मला कुणी बोलू देणार आहे का? अप्पा, कायदा आहे. गरोदर बाईला काढता येत नाही. जड काम, धोक्याचं काम सांगता येत नाही. सहा महिने भरपगारी रजा मिळते, मी नाही का घेतली बँकेत? आणि आत्ता तर सरकारच सांगतंय की गरोदर बायकांना जपा म्हणून. पण त्यांना माहीत तर पाहिजे ना! न सांगितलेलं पोट कायद्याला कसं दिसणार?"

"कायदा पुण्याला असतो अक्का," अश्लेषा म्हणाली. "बोम्मसंद्राला नागराज सर असतात."

पडद्यामागून कुठूनतरी रुग्णवाहिकेचा आवाज आला, जवळ आला, होसूर रोडच्या दिशेनं विरला. हल्ली त्या आवाजाला सगळं घर नकळत थांबे आणि तो गेला की परत सुरू होई.

या खेपेला मात्र अंबूबाई सुरू झाली नाही. ती सुनेकडं बघत होती. नवरा, मुलगा, मुलगी, तिघं तीन दिशांनी ओढत होते आणि पोरगी कुणाकडंच बघत नव्हती. उजवा हात ओटीखाली, पोटावर. असा हात बाई कधी धरते, अंबूबाईला ठाऊक होतं. वखारीत दिवाणजी जवळून गेला की तिचाही तस्साच जायचा.

"अश्लेषा," ती म्हणाली, "काय तरी ऱ्हायलंय तुझं सांगायचं."

"नाही आत्या."

"त्या खोलीत काय हाय?"

अश्लेषा पदरातल्या तांदळावर बोट फिरवत, जणू तांदळालाच सांगावं तसं म्हणाली, "खोलीच्या दारावर बोर्ड आहे. कानडीत, हिंदीत, इंग्लिशमध्ये. गरोदर स्त्रियांना आत जाण्यास मनाई आहे."

फोनमध्ये आसावरी पुढं वाकली.

"त्यांनी लिहून ठेवलंय," ती पुढं म्हणाली. "चांगलं मोठ्या अक्षरांत. जेवायच्या सुट्टीला रोज त्या दारावरून जाते मी. त्यांना माहीत असतं तर पाठवलंच नसतं. त्यांना माहीत नाही, म्हणून पाठवतायत."

बसवंतांनी पुसून डोळ्यांवर ठेवलेला चष्मा परत काढला. "त्या दारातनं माझं नातवंड जायचं न्हाई," ते म्हणाले. मघाशी रोवलेले घोटे हलले होते. "कायम-बियम खड्ड्यात जाऊंदे. अगं पोरी, मला काय ठावं असला बोर्ड हाय."

"म्हणूनच तर सांगत नव्हते मामा."

"मग सांग की आता फोन करून!" मल्हार म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला होता. "प्लीज. राजीनामा नको देऊ. पण सांग."

अश्लेषानं मान हलवली. नाही. आणि पहिल्यांदाच सरळ सासूकडं पाहिलं. "आत्यांनी नको म्हटलंय."

तांदळातला खडा दाताखाली आला.

अंबूबाई उठली. स्वयंपाकघरात गेली. सुशीला खाली लागत आला होता. तो उतरवला, बशीत घातला, वरून ओलं खोबरं भुरभुरलं. हात आपलं काम करत होते आणि कान तिकडं निपाणीला गेले होते. गंगव्वा गात होती. पण आज पहिल्या दोन ओळींवर थांबेना. बाईनं पुढचंही म्हटलं होतं की! कितीतरी वर्षं अंबूबाईनं ते ऐकायचंच सोडलं होतं.

ती बशी घेऊन आली, सुनेच्या शेजारी फरशीवरच बसली.

"खा," म्हणाली. "खात खात ऐक. माझ्या वेळेला गंगव्वानं मला हेच सांगितलं, कुणाला बोलू नगं. ही गोष्ट मी तुम्हाला शंभरदा सांगितली, झाकलं म्हणून आसावरी टिकली. सांगितली का न्हाई?"

"सांगितलीस," बरणीवरून आसावरी म्हणाली. "बोअर होईपर्यंत."

"गप. ती अर्धीच हाय. वखारीत तंबाखूची धूळ अशी उडायची की शेजारची बाई दिसायची न्हाई. मालकाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी दार बंद. तवा कुठला कायदा ठावं आम्हास्नी! म्हणून मालकापासनं लपवायचं. पण त्याच दिवशी, मी डबा धुवायला गेले तोवर, गंगव्वानं सगळ्या ओळीला सांगून टाकलं हुतं. मी परत आले तर माझी चाळणी जाग्यावर न्हाई! बघते तर दारापाशी. वारा खेळतो तिथं. दारापाशी कावेरी बसायची, तोंडानं फटकळ बाई. ती माझ्या जाग्यावर धुळीत जाऊन बसलेली. म्हणाली, बघतीस काय टकामका, मला तिथं ऊन लागतंय. दारात ऊन तर नावाला न्हवतं." अंबूबाईनं पदरानं नाक पुसलं. "शेवटच्या दिसापतोर मला कुणी जड पाटी उचलू दिली न्हाई. दिवाणजी आला की सगळ्या खोकायच्या, म्हणजे मी उठून सरळ बसायचं. झाकलं हुतं, पण एकटीनं न्हवतं झाकलं. सगळ्या ओळीनं झाकलं हुतं."

मग ती अगदी हळू, कानाशी लागून म्हणाली, गात नव्हती तरी चाल होतीच:

"वाऱ्याला सांगू नये, सांगावं गं शेजीला
तिच्या ओंजळीची भिंत, माझ्या इवल्या ज्योतीला."

अश्लेषाच्या हातातला घास तसाच राहिला. "हे कधी सांगितलं नाहीत तुम्ही."

"भ्याले गं. गेल्या सालापासनं पार भ्याले. भ्यालेल्या माणसाला अर्धीच ओवी आठवते."

मग अश्लेषानं बशी खाली ठेवली, हात धुतला आणि फोन उचलला. नागराजला नाही लावला. धनलक्ष्मीला लावला. लाईनवर तिच्या समोर बसणारी बाई, कोलारकडची, दोन पोरांची आई.

"हेळी अक्का, बोला," पलीकडून आवाज आला.

कानडीत अश्लेषा चाचरली. एक सांगायचं होतं. म्हणजे असं आहे की. पाचवा महिना...

पलीकडून असं खदखदून हसू आलं की मल्हारनं दचकून हेडफोनला हात लावला. "अय्यो अक्का! आम्हाला केव्हाचं ठाऊक आहे. तुमचे खोके कोण उचलतंय इतके दिवस, भूत? खिडकीकडचं टेबल तुम्हाला आपोआप मिळालं होय?"

"पण कोट असतो. मास्क असतो. नुसते डोळे दिसतात."

"नुसते डोळे दिसतात तर डोळेच बघतो की आम्ही. मागच्या वेळी पण असेच झाले होते तुमचे डोळे." धनलक्ष्मीचा आवाज जरा मऊ झाला. "तुम्ही बोलला नाहीत म्हणून आम्ही बोललो नाही. पण अक्का, त्या खोलीचं ऐकलं मी, सरांचा फोन आला होता. जायचं नाही. सरांना तुम्ही सांगा. ते काही बोलले तर उद्या बसमधून उतरलं की आम्ही सगळ्या मिळून सांगतो. माल त्यांचा अडकलाय, आमचा नाही."

फोन ठेवल्यावर अश्लेषा रडली. थोडंसंच, जसं दळताना पीठ उडतं आणि डोळ्यांत जातं तेवढंच. अंबूबाईनं तिच्या पदरातला नारळ काढून बाजूला ठेवला, तांदूळ ताटात घेतले. ओटीचं ओझं नको आता, म्हणाली. बसवंतांनी उठून पडदा बाजूला केला, कुणी न सांगता. समोरच्या गॅलरीतल्या बाईचे कपडे वाऱ्यावर हलत होते.

अश्लेषानं नागराजचा नंबर काढला. लावला. फोन वाजू लागला आणि तिचा अंगठा परत लाल खुणेकडं सरकला.

"आत्या," ती कुजबुजली, "परत सांगितलं आणि परत..."

पुढचं तिला म्हणता येईना. फोन वाजतच होता. अंबूबाईनं तिचा अंगठा आपल्या मुठीत घेतला. दाराशी चपला काढणारी, भिंतीला धरलेली पोर तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. मधल्या सगळ्या महिन्यांत, भाकरी थापताना, दिवा लावताना, हे शब्द ओठांपर्यंत येऊन परत गेले होते. सासूनं सुनेला कसं म्हणावं म्हणून गेले होते.

"पोरी," ती म्हणाली, "गेल्या साली ते सांगितल्यानं गेलं न्हाई. तू कायबी चुकली न्हाईस. तुझ्या पेढ्यानं न्हाई, तुझ्या हसण्यानं न्हाई. ते माझं भ्याव बोललं हुतं त्या दिशी, मी न्हवते बोलले. तू वाटलेले पेढे मी सुदीक खाल्ले हुते, दोन. लई गोड हुते."

"हॅलो? हां, हेळम्मा," नागराजचा आवाज आला.

अश्लेषा सासूकडं बघत होती. डोळे भरलेले, पण पाठ सरळ. ओळीत दिवाणजी आल्यावर बाई बसते तशी.

"नानु बसुरी, सर," ती म्हणाली. स्पष्ट, समोरच्या गॅलरीपर्यंत जाईल एवढ्या आवाजात. "मी गरोदर आहे. पाचवा महिना. दारावर बोर्ड आहे, त्या खोलीत मी येणार नाही. आणि सर, काम मी सोडणार नाही."